ओंतारेहोची तिसरी किल्ली

ओनेसिमोशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. हिवाळ्यात गावात उरतो आम्ही नऊ जण. नऊ जणांत एकाशी अबोला धरणं म्हणजे खायचं काम नाही, कारण समोरून येताना दिसला तर वळायला दुसरी गल्लीच नाही. पण मी निभावलं. त्याला काही सांगायचंच झालं तर मी त्याच्या कुत्रीला सांगायचे, आणि त्याला मला काही सांगायचं असलं तर तो माझ्या दाराशी बोलायचा.

भांडण पत्त्यांवरून. मुस या आमच्या जोडीने खेळायच्या खेळात जोडीदाराला तोंडाने खुणा करणं नियमातच बसतं, फक्त समोरच्यांनी त्या पकडता कामा नयेत. खालचा ओठ चावला म्हणजे हातात दोन राजे. जत्रेतल्या शेवटच्या डावात, कोवासियाच्या जोडीविरुद्ध, मी चांगला दात रुतेपर्यंत ओठ चावला. माझा जोडीदार ओनेसिमो. त्याने पाहिलं नाही, पत्ते टाकून मोकळा झाला आणि बक्षिसाची डुकराची अख्खी खारवलेली तंगडी कोवासियाला गेली. वर मलाच म्हणतो, तू ओठ चावलाच नाहीस, तू अक्रोड चघळत होतीस. मी, सेव्हेरिना, डाव ऐन रंगात असताना अक्रोड चघळेन? पाहणारा एकच माणूस होता, लेस्मेसकाका. आम्ही दोघांनीही त्यांना विचारलं. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, मला उन्हात नीट दिसत नाही.

कोवासिया म्हणजे आमच्या शेजारचं मोठं गाव. तिथे खांबांचा चौक आहे, भट्टीत भाजलेलं कोकरू मिळतं, बुर्गोस शहरातून सहलीच्या बसेस येतात. त्या आमच्या गावावरूनच जातात. तिथला महापौर उघड म्हणतो की ओंतारेहोला बस थांबते ती फक्त कुणाला लघवी लागली तर. तेव्हा माझा संताप झाला, पण खोटं काय सांगू, बोलणं खरंच होतं.

आमच्याकडे आहे ती एक पेटी. चर्चच्या मनोऱ्याखालच्या खोलीत, अक्रोडाच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची. तिला तीन कुलपं. आत एक चामड्याचा कागद, सातशे वर्षांपूर्वीचा, ज्यावर राजाने आमच्या गावाला मागच्या डोंगरावरचं ओकचं रान दिलं. एक किल्ली गावच्या प्रमुखाची, ती ओनेसिमोकडे. एक चर्चची, ती माझ्याकडे, कारण आमच्या पाद्रींच्या गळ्यात अकरा गावं आहेत आणि त्यांना स्वतःच्या गाडीची किल्ली सापडत नाही. तिसरी गावाची. ती गावाने हात वर करून निवडलेल्या माणसाकडे असते, आणि एकोणचाळीस वर्षं ती लेस्मेसकाकांच्या गळ्यात होती. काका आमचे लोहार. नियम असा की ज्याची किल्ली त्यानेच आपल्या हाताने फिरवायची. किल्ली दुसऱ्याला द्यायची तर घंटा वाजवून गाव जमवायचं आणि पेटीसमोर द्यायची. खिशातून काढून हळूच सरकवली असं चालत नाही.

आता घोडं अडलं ते इथेच. काका एकोणनव्वद वर्षांचे झाले, दोनदा जिन्यावरून पडले, तेव्हा त्यांच्या लेकीने, न्येवेसने, त्यांना बुर्गोसच्या वृद्धाश्रमात नेलं. किल्ली गळ्यातच गेली. तिथून ते दोनदा पायी गावाकडे निघाले. दुसऱ्या खेपेला बर्फात, सपाता घालून. तेव्हापासून न्येवेसने गावाचं नावही त्यांच्यासमोर काढायला बंदी केली. तिचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तीन वर्षं पेटी उघडली नव्हती, हे खरं.

सप्टेंबरात प्रांताच्या वारसा खात्यातून एक बाई आल्या, दोन्या बेगोन्या. गळ्यात चष्मा, हातात वही. पेटीभोवती फिरून म्हणाल्या, वापरात नाही, कुणाला दाखवता येत नाही, भिंतीला ओल आहे. ही पेटी शहरातल्या तिजोरीत हलवावी लागेल. आणि मला म्हणाल्या, “आजी, एखादा कुलूपवाला आणला तर दहा मिनिटांत उघडेल.” माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आजी कुणाची? मला मूल नाही, नातू नाही. मी म्हटलं, बाई, ही पेटी कुलूपवाल्याने उघडायची असती तर तिला तीन कुलपं लावायचे कष्ट आमच्या पूर्वजांनी कशाला घेतले असते? त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाई तशा वाईट नव्हत्या, म्हणूनच जास्त राग आला. वाईट माणसाला निदान हाकलून तरी देता येतं.

शेवटी ठरलं ते असं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी बुर्गोसहून जुनी गावं दाखवणारी एक सहल निघणार होती. ती कोवासियाआधी आमच्याकडे चाळीस मिनिटं थांबेल. दोन्या बेगोन्या त्याच बसने येतील. त्या दिवशी पेटी रीतीप्रमाणे लोकांसमोर उघडली तर ती गावातच राहील, आणि दर महिन्याला बस थांबेल. नाही उघडली तर सोमवारी टेम्पो येईल.

पेटी गेली असती तर आमच्याकडे काय उरणार होतं? नऊ म्हातारी माणसं आणि एक कुत्री. त्या कागदावर आमच्या गावाचं नाव आहे. जोवर तो इथे आहे तोवर आम्ही गाव आहोत, नाहीतर कोवासियाच्या रस्त्यावरची एक पाटी. मला रात्र रात्र झोप लागेना.

न्येवेसला सहा वेळा फोन केला. एकदाच उचलला आणि म्हणाली, मावशी, बाबांना त्या रस्त्याने आणलं तर ते परत येणार नाहीत, आणि मी त्यांना बर्फात शोधत पुन्हा फिरणार नाही. मग मीच शुक्रवारच्या गाडीने शहरात गेले. काका आश्रमाच्या दालनात टीव्हीसमोर बसले होते. इतके बारीक झाले होते की आधी मी शेजारच्यालाच हाक मारली. मी सगळं सांगितलं, पेटी, टेम्पो, शनिवार, चौकातल्या पुतळ्यापासून नऊ वाजता सुटणारी बस, सगळं. ते टीव्हीकडे बघत राहिले. मी गळ्यातल्या किल्लीकडे हात नेला, तर त्यांनी ती मुठीत घट्ट धरली. पाऊण तासात एकच वाक्य बोलले, “इथली कॉफी पाणचट असते.” परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. मला वाटलं, माणूस आतून गेला, फक्त मूठ उरली.

शनिवारी सकाळी मी मनोऱ्याखालची खोली झाडली, पेटी जवसाच्या तेलाने पुसली. नऊच्या नऊ जण चर्चमध्ये येऊन बसले, तेही आंघोळ करून. ओनेसिमो दाढी करून आला होता, गालावर दोन जागी कापलेलं. त्याने खिशातून एक वाकडी तार काढली आणि माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाला, अरांदा गावच्या कुलूपवाल्याकडून आणली आहे, काल मी करून बघितलं, तिसरं कुलूप फिरतं. कुणाला कळणार आहे?

मी त्याच्या कुत्रीला म्हटलं, “तुझ्या मालकाला सांग, मला कळेल.”

त्याने तार बोटांत एकदा फिरवली. मग ती त्याने खिडकीतून बाहेर अंगाला खाज आणणाऱ्या झुडपात फेकून दिली. खरं सांगते, अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्याची दया आली. त्यालाही पेटी जाऊ द्यायची नव्हती. आम्ही दोघं हरणार होतो आणि या खेपेला जोडीनेच हरणार होतो.

अकरा वाजून गेल्यावर बस आली. त्रेचाळीस माणसं उतरली, प्रत्येकाच्या छातीवर नंबराचा पिवळा बिल्ला. माझे डोळे फक्त दोन्या बेगोन्यांच्या वहीवर. वाटाड्या मुलगी गोड होती, पण तिने दारातच सुरुवात केली की या पेटीत म्हणे इथे पूर्वी राज्य केलेल्या मूर लोकांचं सोनं दडवलं होतं. सोनं? आमच्याकडे? माणसं खोलीत दाटीवाटीने उभी राहिली, उरलेली दारात, काही बाहेर. रीतीप्रमाणे मी घंटा वाजवली, तीन टोल.

ओनेसिमो पुढे झाला, त्याने आपली किल्ली फिरवली. मी माझी फिरवली. दोन्ही कुलपं तीन वर्षांनी उघडत होती, तरी कुरकुरली नाहीत, मी तेल घातलं होतं. दोन्या बेगोन्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि हळूच विचारलं, “आणि तिसरी?”

ओनेसिमो लोकांना काहीबाही सांगू लागला. राजाचं नाव, सालं, ओकच्या झाडांची संख्या, तीही चुकीची. वेळ काढत होता बिचारा. मी लोकांकडे बघत होते, म्हणजे कुणाशी नजर भिडू नये म्हणून सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत होते. तेव्हा मागच्या रांगेत मला एक म्हातारा दिसला. सहलीची निळी टोपी, काळा चष्मा, सत्तावीस नंबरचा बिल्ला, दोन्ही बाजूंना दोन धडधाकट बायका दंड धरून. त्याने चष्मा काढला. सरळ माझ्याकडे पाहिलं. आणि खालचा ओठ चावला.

दोन राजे.

मी वळून ओनेसिमोकडे पाहिलं, तर तो तोंड उघडं टाकून तिकडेच बघत होता. या खेपेला त्याने खूण पाहिली होती.

“वाट द्या,” लेस्मेसकाका म्हणाले. “ही पोरगी बसमध्ये तासभर मला माझंच गाव समजावून सांगत होती. सोनं म्हणे.”

गर्दी दुभंगली. काका एकेक पाऊल टाकत आले. सदऱ्यातून दोरी वर काढली, किल्ली काढली, पण हात इतके थरथरत होते की ती भोकात जाईना. एक बाई मदतीला सरसावली, तर मी आणि ओनेसिमो दोघंही एकदम ओरडलो, हात लावू नका. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, लोहाराने ऐरणीवर धरावं तसं, आणि किल्ली आत घातली. कुलूप फिरलं.

झाकण उचललं तेव्हा मेणाचा आणि जुन्या चामड्याचा वास आला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आमचे नऊ जण रडत होते आणि टाळ्याही वाजवत होते. दोन्या बेगोन्यांनी हात धुऊन, पुसून, कागद कापडावर उलगडला. वाटाड्या मुलगी वाचायला वाकली आणि पहिल्याच ओळीत अडखळली, कारण ते अक्षर आमच्या काळचं नव्हेच.

काकांनी खुर्ची मागितली. बसले, टोपी काढली आणि म्हणू लागले. गावाची किल्ली ज्याच्याकडे त्याने कागद तोंडपाठ करायचा, असा जुना नियम आहे, कारण पूर्वी गावात वाचायला येत होतं कुणाला? मला वाटायचं काका उगाच पुटपुटतात. ते पुटपुटणं नव्हतं. जुन्या वळणाच्या भाषेत, एका चालीवर, जराही न अडखळता ते म्हणत गेले आणि दोन्या बेगोन्या कागदावर बोट फिरवत मागोमाग गेल्या. पडलेलं लाकूड कुणाचं, डुकरं किती दिवस चारायची, ओढ्याचं पाणी कुठवर. मध्येच बाईंचं बोट थांबलं. तिथे कागदाला उंदराने खाल्लेलं भोक होतं, हाताच्या तळव्याएवढं. काका थांबले नाहीत. ते म्हणाले, “आणि विधवेला, आणि जिला कुणी नाही तिलाही, नवरा असलेल्या बाईइतकाच वाटा, आणि त्यात कुणी हात आखडू नये.”

दोन्या बेगोन्यांनी मान वर केली. त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. काकांनी पुन्हा म्हटलं, शब्द न् शब्द तोच. बाईंनी वही काढून ती ओळ लिहून घेतली. त्या म्हणाल्या, दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी या कागदाची नक्कल केली, तेव्हाही हे भोक होतं. ही ओळ कुठेच नाही. जिला कुणी नाही ती मीच आहे, आणि माझ्या घरची चूल त्या रानाच्याच लाकडावर पेटते.

“मग न्यायची का पेटी?” काकांनी विचारलं.

“अर्धा कागद पेटीत आहे आणि अर्धा तुमच्यात,” त्या म्हणाल्या. “मी कशी नेऊ? पेटी इथेच राहील. तसं मी लिहून देते.” आणि त्यांनी तिथेच, पेटीच्या झाकणावर वही ठेवून, लिहून दिलं. मी त्यांना सगळं माफ केलं, आजी म्हटलेलं सुद्धा.

तेवढ्यात दाराशी गलका झाला. न्येवेस. केस विस्कटलेले, गाडीची चावी हातात. सकाळी वडिलांना भेटायला गेली तर आश्रमाच्या बाहेर जाणाऱ्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, सहल, ओंतारेहो. ती भांडायच्या तयारीनेच आत शिरली, पण शेवटची दहाएक वाक्यं तिने दारात उभं राहून ऐकली असावीत, कारण पेटीशी येता येता तिने चावी खिशात टाकली. काका तिच्याकडे बघून म्हणाले, तू कशी आलीस? ती म्हणाली, गाडीने. काका म्हणाले, मीपण, आणि माझी तुझ्यापेक्षा मोठी होती.

मी म्हटलं, अहो काका, मी आश्रमात आले तेव्हा मला एका शब्दाने सांगायचं तरी. ते म्हणाले, तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या प्रांताला कळलं असतं.

चाळीस मिनिटांची बस तीन तास थांबली. आम्ही चौकात टेबलं मांडली, भात आणि डुकराचं रक्त भरलेल्या मोर्सियाच्या चकत्या तव्यावर परतल्या, मेंढीचं चीज, अक्रोड, पाव, वाईनची पखाल. कोवासियाच्या हॉटेलात त्रेचाळीस माणसांचं कोकरू भट्टीत वाळत बसलं, हे मला मागाहून कळलं आणि फार बरं वाटलं. जमलेल्या गावासमोर काकांनी किल्ली पुन्हा गळ्यात घातली. कुणाला दिली नाही, आणि कुणी मागितलीही नाही. निघायच्या वेळी ते आपण होऊन बसच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. परतीचं तिकीट आहे, म्हणाले, वाया कशाला घालवायचं. न्येवेसने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग वाटाड्या मुलीकडे गेली आणि पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारच्या दोन जागा मागितल्या. एक खिडकीची.

बस सुटायच्या आधी काकांनी खिडकीतून मला आणि ओनेसिमोला जवळ बोलावलं. “त्या जत्रेत तिने ओठ चावला होता,” ते म्हणाले. “मी पाहिलं.”

मी विचारलं, मग अकरा वर्षं का नाही सांगितलंत? काका अगदी शांतपणे म्हणाले, तू दर आठवड्याला अंडी आणून देत होतीस आणि हा दर हिवाळ्यात लाकडं. निकाल दिला असता तर एक काहीतरी बंद झालं असतं.

बस वळणाआड गेली. चौकात मी, ओनेसिमो आणि कुत्री. तो आजूबाजूला बघू लागला, पण बोलायला जवळपास माझं दार नव्हतं. शेवटी माझ्याकडेच वळून म्हणाला, “सेव्हेरिना, कोवासियावाले विचारत होते, यंदा मुसला जोडी उतरवणार का?”

मी कुत्रीला म्हटलं, आधी त्याला चष्मा करून घ्यायला सांग. मग त्याच्याकडे बघितलं आणि खालचा ओठ चावला. त्याने लगेच मान डोलावली.